पाण्याआधी वीज

नातवंडांसाठी परसात पोहण्याचा लहानसा हौद बांधावा, असे चिरंजीवांनी ठरविले. नेपानगरचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना या हौसेचे नवल वाटू नये. फरशीचा रंगदेखील ठरला. विजेचे मात्र ‘मागाहून पाहू’ म्हणून राहिले. मी तेथेच अडून बसलो. विहिरीवरील ओल्या मोटारीला लहानपणी हात लावताच बसलेला झटका माझा हात अद्याप विसरलेला नाही.

जवळच बुऱ्हाणपुरास १६१५च्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा केवळ जमिनीच्या उताराने शहरास पाणी पुरवी. त्यास विजेचे भय नव्हते, आपणांस आहे.

अखेर वायरमनला बोलावून आराखडा आधी करविला. पंप हौदापासून दूर. पाण्यातील दिवा बारा व्होल्टचा, त्याचा ट्रान्सफॉर्मर कोरड्या जागी. ३० मिलीअँपिअर गळती होताच क्षणार्धात प्रवाह तोडणारा स्विच. आणि लोखंडी शिडी व काँक्रीटमधील सळ्या एकमेकींस जोडून अर्थिंगला बांधलेल्या. ही जोडणी काँक्रीट पडण्यापूर्वीच व्हावी लागते.

“बाबा, एवढा खर्च, आणि यातले काहीच दिसणार नाही,” चिरंजीव म्हणाले.

“न दिसो,” मी म्हटले, “पोरे डोळ्यांसमोर दिसत राहिली, की झाले.”