चौघींचा वेग

शंभर मीटरची शर्यत म्हणजे एकटीची शर्यत, असं आपण धरून चालतो. आठ लेन, आठ मुली, बंदुकीचा बार, आणि जिच्या पायांत उपजतच वेग ती पुढे. या समजुतीनं आपल्या मुलींच्या धावण्याचं फार नुकसान केलं आहे, असं मला वाटतं. आशियाई क्रीडा स्पर्धेत शंभर मीटरचं सुवर्ण आजवर एकाही भारतीय महिलेला मिळालेलं नाही. १९५१ साली दिल्लीत मुंबईच्या रोशन मिस्त्रीनं रौप्य जिंकलं, पुढे पी. टी. उषानं दोनदा आणि २०१८ साली द्युती चंदनं. गाडी रौप्याच्या पुढे गेलीच नाही. पण त्याच स्पर्धेत ४×४०० मीटर रिलेचं सुवर्ण भारतीय मुलींनी २००२ ते २०१८ असं सलग पाच वेळा आणलं. दोनशे-चारशे मीटरमध्ये कमलजित संधू, उषा, सरस्वती साहा एकेकट्या जिंकल्या, हे खरंच. तरी पिढ्या बदलल्या, नावं बदलली आणि सुवर्ण टिकलं, असं घडलं ते फक्त चौघींच्या शर्यतीत.

वांद्र्याच्या धावपटू मेरी डिसूझाची कारकीर्द या दृष्टीनं पुन्हा वाचायला हवी. दिल्लीत तिला दोनशे मीटरचं कांस्य मिळालं, रिलेत रौप्य. १९५२ साली ती हेलसिंकी ऑलिम्पिकला गेली. जायला पैसे नव्हते. ओळखीपाळखीच्या माणसांनी वर्गणीसाठी कार्यक्रम केले तेव्हा कुठे जाणं जमलं. तिथे शंभर आणि दोनशे, दोन्ही शर्यतींत ती पहिल्याच फेरीत बाद झाली. आपण तिची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतो आणि पुढची दोन वर्षं विसरतो. १९५४ साली मनिलाच्या आशियाई स्पर्धेत क्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी या चौघींनी ४×१०० मीटर रिले ४९.५ सेकंदांत जिंकली. हेलसिंकीत पहिल्या फेरीत थांबलेली धावपटू आता आशियातल्या सर्वांत वेगवान चौकडीत होती.

यावर कोणी म्हणेल, रिले म्हणजे चार वेगांची बेरीजच की. चार चांगल्या मुली मिळाल्या की झालं. हेलसिंकीचाच हिशेब पाहू. तिथे ऑस्ट्रेलियाच्या मार्जोरी जॅक्सननं शंभर मीटर ११.५ सेकंदांत जिंकले. जगात त्याहून वेगवान बाई तेव्हा नव्हती. तिच्या संघानं रिलेच्या प्राथमिक फेरीत ४६.१ सेकंदांचा विश्वविक्रम केला, म्हणजे माणशी साडेअकरा सेकंदांच्या जरासं वर. चौघी मिळून जवळजवळ चार जॅक्सन झाल्या! कारण पहिली सोडली तर रिलेत कोणी जागेवरून सुटत नाही, बॅटन हातात येतं तेव्हा पाय आधीच धावत असतात. आणि अंतिम फेरीत? त्याच चौघी, तेच पाय. विनसम क्रिप्सकडून बॅटन घेतल्यावर जॅक्सनचा हात क्रिप्सच्या गुडघ्याला लागला, बॅटन उडालं, ऑस्ट्रेलिया पाचवी आली आणि सुवर्ण अमेरिकेला गेलं. जगातली सर्वांत वेगवान बाई संघात असून उपयोग झाला नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. मनिलानंतर ४×१०० चं सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेलं नाही. मग माझा मुद्दा उरतो कुठे? मला तर तो इथेच सर्वांत पक्का वाटतो. चारशेच्या रिलेत पुढची धावपटू मागे बघून बॅटन घेते. शंभरच्या रिलेत न बघता घ्यावं लागतं. ती पावलं मोजून ट्रॅकवर पट्टी चिकटवते, मागची त्या पट्टीवर आली की जीव खाऊन सुटते, आणि एक हाक ऐकू आली की मान न वळवता हात मागे करते. पट्टी अर्धं पाऊल चुकली तरी सगळं बिघडतं. हा विश्वास महिनोन्‌महिने एकत्र राहिल्याशिवाय येत नाही. चारशेच्या मुलींना लांब मुदतीची शिबिरं मिळाली आणि त्यांचं फळ दिसलं. शिबिरांची काळी बाजूही झाकू नये: २०११ साली याच रिलेतल्या काही मुली उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्या. एकत्र राहण्यानं चांगलं पसरतं तसं वाईटही, म्हणून प्रशिक्षकावर नजर हवी. पण त्यापायी एकत्र राहणंच मोडीत काढणं हा उपाय नव्हे. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच रिलेचं रौप्य जिंकणाऱ्या चौघींत मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती.

चौघींच्या शर्यतीची वाट नागपुरात प्रताप नगरसारख्या वस्तीतूनही सुरू होऊ शकते. मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल इथून शहराच्या दुसऱ्या टोकाला. बारा वर्षांच्या मुलीनं रोज तिथे जावं ही अपेक्षा घरच्यांना परवडणारी नाही. शाळेच्या मैदानावर मात्र बॅटन देणं-घेणं शिकता येतं, त्याला रबरी ट्रॅक लागत नाही. आपण करतो काय, तर क्रीडादिनी पहिली आलेली निवडतो आणि उरलेल्यांना टाळ्या वाजवायला बसवतो. रिलेचा संघ जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी जुळवला जातो. त्याऐवजी चौथ्या आलेल्या मुलीचीही वेळ वहीत लिहावी, आणि विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडल्या की त्याच आठवड्यात चौघींच्या हाती बॅटन द्यावं.