परत कशावरून याल?

गारगोटी, ता. भुदरगड

चि. सोनू,

अक्का आणि दाजी दोन-तीन महिने तुझ्याकडे, लेकीकडे अमेरिकेत राहायला निघाले, तर "परत कशावरून याल?" असं त्यांना व्हिसाच्या मुलाखतीत कुणी का विचारावं, असं तू लिहिलंस. तुला तो त्यांचा अपमान वाटतो. म्हणून तुझ्या पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे, टॅक्स रिटर्न आणि निमंत्रणपत्र असा जाडजूड गठ्ठा तू पाठवायला निघाली आहेस. मला वाटतं, हा प्रश्न मुळात अक्काला उद्देशून नाही. तो कायद्यातच लिहून ठेवलेला आहे, आणि त्याचं उत्तर तुझ्या न्यू जर्सीत सापडणार नाही, ते इथं गारगोटीत आहे.

एके काळी हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. कोल्हापुरात मिशनचं काम केलेल्या वाइल्डर यांच्याशी गोपाळराव जोशींचा झालेला पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आला आणि तुमच्याच न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. त्यांच्या आधारावर गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाई १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला गेल्या. व्हिसा नावाची गोष्ट त्यांच्या वाटेत आली नाही. १८८६ मध्ये डॉक्टर होऊन त्या परतल्या, त्या कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्री विभागावर नेमणूक घेऊन. पण ते दार तेव्हाही सगळ्यांना उघडं नव्हतं. त्यांच्या जाण्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेनं चिनी मजुरांना बंदी घातली होती. १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानातले लोकही बंदीच्या पट्ट्यात आले. १९२४ पासून बोटीत पाय ठेवण्याआधीच वकिलातीतून व्हिसा घेणं सक्तीचं झालं. १९४६ मध्ये आपल्याला कोटा मिळाला, तो वर्षाला १०० माणसांचा. मग १९५२ चा कायदा आला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी तो नाकारला होता, पण काँग्रेसनं त्यांचा नकार डावलून मंजूर केला. त्याच्या २१४ (ब) या कलमानुसार येणारा प्रत्येक परदेशी माणूस कायमचा राहायलाच येतोय, असं गृहीत धरायचं आणि तसं नाही हे अधिकाऱ्याला पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकायची. तू थेट एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलीस, म्हणून तुला याची झळ लागली नाही, कारण १९९० मध्ये त्या प्रवर्गाला या गृहीतकातून वगळलं. आईवडिलांना मात्र वगळलेलं नाही.

हे ध्यानात घेतलं की तुझ्या गठ्ठ्याचा उपयोग किती, ते कळतं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच स्पष्ट सांगतं, की अर्जदारानं आपल्या देशातल्या वास्तव्याच्या आणि नात्यागोत्यांच्या बळावर पात्र ठरायचं, तिथल्या नातेवाइकांनी दिलेल्या हमीवर नव्हे. निमंत्रणपत्राची सक्तीही नाही. खर्च तू करणार असशील तर तुझ्या मिळकतीचा एखादा कागद जवळ असू दे. पण लेकीचा पगार मोठा, घर मोठं, हेच वारंवार सांगत राहिलो तर तिथंच राहण्याचं कारण आपणच पुरवतो.

यावर तू म्हणशील, हा अन्याय नाही का? आहे, आणि मी त्या कायद्याची वकिली करत नाही. मुदतीत परत जाणाऱ्या पाहुण्यांचीच संख्या प्रचंड मोठी असते, हे त्यांच्याच सरकारचे वार्षिक अहवाल सांगतात. कॅनडानं २०११ मध्ये आईवडील आणि आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा काढला, त्यात मुलांचं उत्पन्न आणि आरोग्य विमा हेही मुख्य निकष आहेत. युरोपात शेंगेन व्हिसा नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, अपिलाची सोय असते. अमेरिकेत २१४ (ब) खाली नकार मिळाला तर अपील नाही. पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा १८५ डॉलर भरायचे. म्हणजे कायदा वेगळा असू शकतो. पण तो बदलेपर्यंत अर्ज याच कायद्याखाली करायचा आहे, आणि रागानं भरलेला अर्ज कुणाला काही पटवून देत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडच्या माणसाची मुळं पगाराच्या स्लिपेत दिसत नाहीत. दाजींचा सातबारा बघ: क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, खातं सामायिक, नावं चार भावांची. शहरी नजरेला त्यातून काही कळणार नाही. पण त्याच्याच जोडीला बिद्रीच्या कारखान्याची गेल्या तीन हंगामांची ऊसबिलं आणि दूध संस्थेचं पासबुक ठेवलं की या माणसाचं वर्ष कसं बांधलेलं आहे ते दिसतं. मुलाखत काही मिनिटांची असते, कागद बघतीलच असं नाही. म्हणून हेच दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे: खोडवा कधी तुटणार, जनावरं कोणाकडे ठेवणार, लागणीला कधी परतणार. मुंबईत मुलाखत मराठीत देता येते. दाजींनी ती मराठीतच द्यावी, पाठ केलेल्या इंग्रजीत नको.

कोणी एजंट खात्यात चार दिवसांसाठी पैसे फिरवून शिल्लक फुगवायला सांगेल, त्याचं ऐकू नकोस. आहे तेवढीच शिल्लक दाखवायची. नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो, पण खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसला तर कायमची बंदी येऊ शकते. फॉर्म तू तिथून भर, पण पाठवण्याआधी फोनवर त्यातला प्रत्येक रकाना दाजींना वाचून दाखव. सही त्यांची आहे, उत्तरंही त्यांनाच द्यायची आहेत. ऊस फेब्रुवारीत तुटला, तर मार्चमध्ये निघायला हरकत नाही.

तुझा,
मामा