कानात मी ‘नामी’च म्हणणार

अहिल्यानगर, रविवार

प्रिय दादू,



मुलीचं नाव नेओमी ठेवायचं म्हणतोस, आणि आईनं नाक मुरडलंय. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, बायबलातल्या असल्या बाईचं नाव पाळण्यातल्या पोरीला कशाला, असं ती म्हणते. बाप्तिस्मा पाळकसाहेब देतील. पण बारशाला कानात कुर्र करणारी आत्या मीच, तेव्हा मलाही बोलू दे.

इब्री भाषेत या नावात गोडवा आहे, मन सुखावणारं काही आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्याचं ‘नामी’ झालं. नामी युक्ती म्हणणाऱ्या आपल्या कानांना तर ते परकं वाटतच नाही.

बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. तिथंच दुष्काळ पडला आणि नामीचं कुटुंब जगायला मवाबात गेलं. (नगरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.) दहाएक वर्षांनी ती परतली ती मवाबी सुनेला, रूथला, घेऊन. ऐन सातूच्या हंगामात. गावातल्या बायका म्हणाल्या, ही नामीच का गं? तर म्हणाली, ते नाव नको, मला मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. रानात इस्राएल लोकांना पिववेना त्या पाण्याच्या जागेचंही नाव हेच. संडेस्कूलमध्ये ‘मला मारा’ ऐकून तू खुदखुदलास आणि मी चिमटा काढला, आठवतं?

पण पुढं वाच. रूथच्या चार अध्यायांच्या पुस्तकात तिला मारा म्हणून कुणी एकदाही हाक मारत नाही. गोष्ट सांगणारा नाही, रूथशी लग्न करणारा बवाज नाही, शेजारणी तर नाहीतच. रूथला मुलगा झाला, तेव्हा नामीला मुलगा झाला म्हणाल्या त्या! बाळाचं नावही त्यांनीच ठेवलं, ओबेद. दावीद राजाचा हा आजोबा.

नामीनं मात्र आपली तक्रार मागं घेतल्याचं कुठं लिहिलेलं नाही. देवावर भर गावात रुसली ती रुसली. मला ती आवडते ती त्यासाठीच.

जन्मदाखल्यावर खुशाल नेओमी लिही. आईला चौथा अध्याय मोठ्यानं वाचून दाखव. सून सात मुलांहून बरी असं शेजारणी तिथं म्हणतात. ते ऐकताना आईचं तोंड कसं होतं, तेवढं कळव.

तुझी,
ताई