प्लस अर्थिंगची गाडी

गांधीबाग म्हटले की नागपूरकरांना कापड आठवते. ठोक व्यापाऱ्यांच्या पेढ्या, गाठी वाहणारे हातठेले, लग्नसराईची गर्दी. पण याच बाजाराच्या कडेकडेने, सेंट्रल अव्हेन्यूला फुटणाऱ्या गल्ल्यांत, मोटारींचे वाइंडिंग करणारे आणि सेल्फ-डायनमो खोलून बसलेले कारागीरही आहेत. साठ-सत्तर वर्षांची एखादी गाडी रॅलीत स्वतःच्या दिव्यांनिशी आणि स्वतःच्या हॉर्ननिशी उतरते, तेव्हा त्यामागे अशाच कोणाचा तरी हात असतो. लोक फोटो काढतात ते रंगाचे आणि क्रोमचे.

प्रस्तुत लेखक याच कामातला. संपादकांनी लेख मागताना ‘तांत्रिक फार नको’ असे बजावले होते. ते पाळायचा प्रयत्न आहे. पण डायनमोबद्दल लिहायचे आणि व्होल्ट, अँपिअर टाळायचे, हे होणार नाही. वाचकांनी तेवढे सोसावे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक मॉरिस मायनर कामाला आली. १९५४ सालची, आजोबांनी घेतलेली, नातवांनी हौसेने पुन्हा उभी केलेली. रंगकाम देखणे, गाद्या नव्या. तक्रार एवढीच, की तापली की लवकर सुरू होत नाही आणि चढावर झटके देते. बॉनेट उघडले आणि मन खट्टू झाले. लुकासच्या सी-३९ डायनमोच्या जागी आजकालच्या छोट्या गाडीचा अल्टरनेटर, ब्रॅकेटला वेल्डिंग मारून बसवलेला. कंट्रोल बॉक्स होता तिथे पत्र्याला नुसती भोके. सुती वेष्टनाचे मूळ वायरिंग सगळे उपटलेले, त्याऐवजी घरातल्या बोर्डाला वापरतात तशी लाल-काळी तार. आणि बॅटरीचा मायनस बॉडीला.

“जुना डायनमो कुठं आहे हो भाऊ?”

“तो तर जळला होता म्हणे. भंगारात देऊन टाकला त्यायनं.”

“अन् प्लस अर्थिंग?”

“ते चुकीचं होतं म्हणे. कोणीतरी उलटं लावून ठेवलं होतं, ते सुधरवून दिलं.”

ते उलटे नव्हते आणि चुकीचेही नव्हते. हे काम कोणत्या गॅरेजात झाले ते इथे सांगायचे कारण नाही, कारण दहा गॅरेजांत हेच होते. गैरसमज इतका पसरला आहे की त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

बॅटरीला दोन टोके असतात आणि गाडीचे लोखंडी अंग हीच परतीची तार असते. कोणते टोक अंगाला जोडायचे हे गाडी बनवणारा ठरवतो. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांत प्लस अंगाला जोडलेला असे. अमेरिकेत फोर्डनेही ६ व्होल्टच्या काळात, म्हणजे १९५५ पर्यंत, तेच केले. यामागे एक विचार गंजाचा होता. ओल आणि वीज एकत्र आली की प्लसकडचा धातू झिजतो. म्हणून प्लस जाडजूड चेसिसला आणि मायनस बारीक तांब्याच्या तारांना. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हा विचार आजही चालू आहे. तिथला पुरवठा उणे ४८ व्होल्टचा, म्हणजे प्लस जमिनीला जोडलेला असतो. मोटारीत याचा फायदा किती झाला यावर जाणकारांचे एकमत नाही. पण ती ठरवून केलेली रचना होती, एवढे तरी मान्य व्हावे.

दुसरा मुद्दा ठिणगीचा, आणि या मायनरचे दुखणे तिथेच होते. स्पार्क प्लगच्या मधला दांडा ज्वालेत सतत तापलेला असतो. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून तो दांडा मायनस असेल तर ठिणगी कमी विद्युतदाबात उडते. प्लस असेल तर कॉईलला जास्त दाब उभा करावा लागतो. कॉईल जुनी असेल, इंजिन तापलेले असेल, चढ असेल, तर तो दाब पुरत नाही. गाडीची बॅटरी उलटी करणाऱ्याने कॉईलवरच्या दोन बारीक ताराही एकमेकींच्या जागी लावायला हव्यात. इथे ते केलेच नव्हते.

हे तपासायला यंत्र लागत नाही. टोक केलेली लाकडी पेन्सिल लागते. प्लगची केबल प्लगपासून किंचित वर धरायची आणि मधल्या फटीत पेन्सिलीचे शिसे आणायचे. हाताला झटका बसणार नाही अशी पकड मात्र हवी. ठिणगी शिशावरून उडते आणि तिला एका बाजूने नारिंगी पिसारा फुटतो. तो प्लगच्या बाजूला फुलला तर जोडणी बरोबर. केबलच्या बाजूला फुलला तर उलटी. या गाडीत तो केबलच्या बाजूला होता. कॉईलवरच्या एसडब्ल्यू आणि सीबी या दोन टोकांच्या तारा बदलल्या आणि झटके थांबले.

‘बॅटरी उलटी लावली तर सेल्फ उलटा फिरेल’ हेही नेहमी ऐकू येते. फिरत नाही. या जुन्या सेल्फमध्ये फील्ड (स्थिर वेटोळी) आणि आर्मेचर (फिरणारी वेटोळी) दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो, त्यामुळे फिरण्याची दिशा तीच राहते. बल्बला तर काहीच फरक पडत नाही. डायनमोला मात्र पडतो. त्याच्या लोखंडात थोडे चुंबकत्व मागे उरलेले असते आणि त्याच्याच जोरावर तो दर वेळी वीज करू लागतो. दिशा बदलायची तर रेग्युलेटरची तार सोडवून डायनमोच्या एफ टोकाला बॅटरीची तार क्षणभर टेकवायची. लोखंड नवी दिशा धरते. ट्रान्झिस्टरचा रेडिओ आणि अल्टरनेटरमधले डायोड यांना उलटी जोडणी चालतच नाही, आणि ही दोन्ही मोटारीत आली तेव्हाच ब्रिटिश कंपन्या मायनस अर्थिंगकडे वळल्या. मोबाइलचा चार्जर बसवायचा म्हणून सत्तर वर्षांची गाडी उलटी करणे हे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. चार्जरला वेगळी छोटी बॅटरी ठेवता येते.

आता ‘जळलेल्या’ डायनमोबद्दल. न जळलेला डायनमो भंगारात जातो, हे आमच्या धंद्यातले मोठे दुःख आहे. तो खरोखर मेला आहे का, हे पाहायला फार वेळ लागत नाही. डी आणि एफ ही दोन टोके एका तारेने जोडायची, मीटर लावायचा आणि इंजिन हळूहळू चढवायचे. व्होल्ट सरसर वर गेले तर डायनमो जिवंत आहे आणि दोष कंट्रोल बॉक्समधल्या कटआउटमध्ये किंवा तारेत आहे. काटा एखाद्या व्होल्टवर अडला तर फील्ड तुटली आहे. अजिबात हलला नाही तर आधी कार्बन पाहायचे. बहुतेकदा कार्बन झिजलेले असतात, कम्युटेटर काळा पडलेला असतो आणि मागचा बुश खाल्लेला असतो. तिन्ही कामे एका बैठकीची. फक्त नवा सच्छिद्र बुश बसवण्यापूर्वी दिवसभर तेलात बुडवून ठेवावा लागतो, आणि घाईत नेमके तेच टाळले जाते.

कम्युटेटर साफ करताना एमरी पेपर वापरू नये. त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकतात आणि वीज गळते. बारीक काचपेपर घ्यावा. मग पट्ट्यांमधला अभ्रक, हॅक्सॉचे पाते घासून बारीक करून, साधारण पाऊण मिलिमीटर खोल कोरून काढायचा. कोरताना पात्याचा आवाज बदलतो. अभ्रक संपून तांबे लागले की हाताला कळते.

आर्मेचर खरोखर जळले असेल तर ते ग्राउलरवर ठेवतात. ग्राउलर म्हणजे व्ही आकाराच्या खाचेचे विजेचे चुंबक. आर्मेचर त्यात हळूहळू फिरवत प्रत्येक खाचेवर हॅक्सॉचे पाते धरायचे. जिथे वेटोळे आतल्या आत शॉर्ट असते तिथे पाते थरथरून गुरगुरते. मग जुनी तार काढायची, पण कापून टाकायची नाही. किती वेढे, कोणता गेज, कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत, कम्युटेटरच्या कोणत्या पट्टीला जोड, हे सगळे वहीत उतरवून मगच. अशी वही ज्याच्याकडे आहे तो कारागीर खरा श्रीमंत. गांधीबागेत अशा वह्या होत्या, काही अजून आहेत. मालक गेल्यावर त्या रद्दीत जातात.

नागपूरचे ऊन हा वेगळा विषय आहे. लुकासच्या आरबी-१०६ कंट्रोल बॉक्सची सेटिंग हवेच्या तापमानाप्रमाणे बदलते: हवा जितकी गरम, तितके व्होल्ट कमी ठेवायचे. कंपनीच्या पुस्तकातला तक्ता ४० अंश सेल्सिअसला संपतो. नागपूरचा मे महिना ४५ च्या वर जातो. तक्ता करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे शहर नव्हते. भर दुपारी थंड हवेचा आकडा धरून सेटिंग केली तर बॅटरी जास्त चार्ज होते, पाणी उडते, प्लेटी वाकतात, आणि दोष डायनमोला लागतो. म्हणून हे काम उन्हाळ्यात पहाटे करावे. सुती वेष्टनाखालचे रबरही याच उन्हाने कडक होऊन तडकते. त्यामुळे जुने वायरिंग सगळेच वाचवता येते असा दावा नाही. पण नवे करताना रंग तेच ठेवता येतात: तपकिरी बॅटरीकडून येणारी, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजनंतरची, निळी हेडलाइटची, लाल साइडलाइटची, काळी अर्थची. हे रंग माहीत असलेला माणूस रात्री रस्त्यात टॉर्चच्या उजेडातही दोष शोधू शकतो. सगळीकडे एकच लाल तार असेल तर दिवसाही शोधता येत नाही.

६ व्होल्टच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. महायुद्धातल्या विलीज जीप, जुन्या जावा-येझदी या सगळ्या ६ व्होल्टच्या. ३६ वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात, ६ व्होल्टवर ६. प्रवाह दुप्पट झाला की त्याच तारेत वाया जाणारी शक्ती चौपट होते. दिवे मिणमिणतात म्हणून लोक ६ व्होल्टला शिव्या देतात; दोष बारीक तारेचा आणि गंजलेल्या अर्थचा असतो.

बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोत तर विदर्भाचाच अंश सापडतो. जुन्या मॅग्नेटोच्या आर्मेचरवर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, लेप असे. लाख मुख्यतः भारतातून जगभर जाई, आणि गोंदिया-भंडाऱ्याकडच्या पळसांवर तिचे किडे आजही वाढतात. साधारण ७५ अंशांच्या पुढे लाख मऊ होऊन पाघळते. अनेक वर्षे बंद असलेली मोटारसायकल पहिल्या लांब फेरीत तापते, लेप बाहेर येतो आणि आर्मेचर जागीच चिकटते. आता त्या जागी इपॉक्सी वापरतात. इथे मूळ पदार्थ बदलणे योग्य आहे, यात प्रस्तुत लेखकाला शंका नाही.

शंका येते ती अल्टरनेटरबद्दल. सी-३९ डायनमो जेमतेम १९ अँपिअर देतो आणि गाडी सिग्नलवर उभी असताना जवळजवळ काहीच देत नाही. रात्री कुटुंबाला घेऊन रामटेकहून परतणाऱ्या माणसाला ‘मूळचेच ठेवा’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? जुन्या गाड्यांच्या फिवा या जागतिक महासंघाची ट्युरिन सनद सांगते की बदल करायचाच तर तो परत फिरवता येईल असा करा आणि त्याची नोंद ठेवा. ही कसोटी मानावी असे वाटते. मूळ ब्रॅकेट न कापता, एकही नवे भोक न पाडता अल्टरनेटर बसत असेल तर बसवावा. वेल्डिंग मारून नाही.

आपल्या कायद्यात मात्र या भागांना जागाच नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली गाडी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. वायरिंग, डायनमो, मॅग्नेटो यांचा त्यात उल्लेख नाही. त्यामुळे पोटातले सगळे विजेचे सामान उपटलेली गाडीही कागदावर मूळ ठरू शकते. ही त्रुटी दूर व्हायला हवी.

सुटे भाग मिळणेही आता अवघड होत जाणार. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीत टिकली, तोवर तिचे भाग बाजारात फिरत होते. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून हटली. अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले. मागणी आटली की भाग करणारेही थांबतात.

त्या मायनरला दुसरीकडून मिळालेला सी-३९ डायनमो बसवला आहे. तो दुरुस्त होऊन चालू आहे, पण तो तिचा नव्हे. म्हणून ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना विनंती आहे. गाडी कोणाकडेही द्या, पण काढलेला प्रत्येक भाग परत मागून घ्या, जळका असला तरी. तारा सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. डायनमो, कटआउट, कॉईल यांना चिठ्ठी बांधून कोरड्या जागी ठेवा. चिठ्ठीवर गाडीचा नंबर आणि काढल्याची तारीख लिहा. आणि कोणी प्लस अर्थिंग ‘सुधरवून’ देतो म्हणाला तर आधी गाडीचे पुस्तक उघडून पाहा.