पंचाची सही

अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांची गाडी पांढुर्ण्याजवळच्या तिगावात आल्याची कुणकुण लागली की बाजारातली निम्मी शटरं खाली येतात. त्या दिवशी किराणावाल्या काकांना तेवढी सवड मिळाली नाही. मी हळदीचं पाकीट घेऊन गल्ल्यापाशी उभा होतो. साहेबांनी मलाच विचारलं, "भाईसाहब, पंच बनेंगे?" काकांकडे बघत मी मान हलवली.

लग्नसराई ऐन भरात होती. आंबे पिळून पंगती उठवायचे दिवस आता इथेही सरले. आचारी यादीत आमरसाचे डबेच लिहितो, आणि काकांकडे त्यांची भिंतभर चळत लागली होती.

साहेबांनी डबा उचलला तो थेट उलटा केला. बुडावर छापलेली तारीख कुणीतरी पुसली होती, तरी पुसट आकडे वाचता येत होते. लेबलावर मात्र नव्या तारखेची पट्टी डकवलेली. एक डबा दोन्ही बाजूंनी फुगला होता. "हा चाखूनही बघू नका, आत वायू धरलाय," असं बजावून तो त्यांनी वेगळा ठेवला.

मग एकाच बॅचचे चार डबे निवडले आणि त्यांची चालू भावानं होणारी किंमत काकांच्या हातात ठेवून पावती घेतली. सरकार नमुना विकत घेतं, हे मला तिथेच कळलं. डबे कागदात गुंडाळले, दोरीनं आवळले, गाठींवर लाखेच्या मोहरा बसल्या. एक डबा विश्लेषकाकडे, दोन वरच्या अधिकाऱ्याकडे राखीव. चौथा दुकानदार मागेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, त्याच्या खर्चानं. काकांनी मागितला नाही. मी सांगतील तिथे सह्या करत गेलो.

"बिल दिखाइए," साहेब म्हणाले, आणि काकांचा चेहरा उतरला. माल नागपूरकडून येणाऱ्या एका गाडीतून घेतलेला, हिशेब वहीत पेन्सिलीनं. "मले पेटीबंद माल आला साहेब, मी कायले पट्टी लावतो?" काका कळवळून म्हणाले. मला ते पटलं. पण पंचनाम्यात माझ्या पटण्याला जागा नव्हती. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं मुदत उलटलेला माल विकल्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली आहे. त्यानं कुणाकडून घेतला, हे बिलावर दिसलं तर चौकशी वर सरकते. नाहीतर ती गल्ल्यापाशीच थांबते.

विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवस असतात. अहवालात आमरस असुरक्षित निघाला नाही, डबा मिथ्याछाप, म्हणजे खोट्या लेबलाचा, ठरला. 1954 च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्यात अशी प्रकरणं फौजदारी कोर्टात जात आणि तुरुंगाची भीती असे. 2006 चा नवा कायदा 2011 पासून लागू झाला. आता मिथ्याछाप मालाचा निवाडा अपर कलेक्टरच्या दर्जाचा अधिकारी करतो आणि दंड 3 लाखांपर्यंत होऊ शकतो. काकांना झालेला दंड त्या मानानं किरकोळ, पण हंगामाची कमाई त्यात गेली. पट्टी डकवणाऱ्याचं नाव मी सही केलेल्या एकाही कागदावर नव्हतं.

दुकानं तपासावीतच, फुगलेला डबा एखाद्या पंगतीत फुटला असता. पण लग्नसराईत सावनेर-पांढुर्णा रस्त्यावर मालाच्या गाड्या थांबवून बिलाचा हाच प्रश्न विचारला, तर पट्ट्या डकवणारे लवकर सापडतील. काका आता पेटी उतरवण्याआधी बिल मागतात. ती गाडी त्यांच्याकडे यायची बंद झाली. डबे थोडे महाग पडतात, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं की काका बिलच पुढे सरकवतात.