कुंपणाबाहेर

मुलगा दहावीत गेला त्या जूनमध्ये आम्ही पहिलं काम काय केलं, तर त्याचा खो-खो बंद केला. "एकाच वर्षाचा तर प्रश्न आहे!" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी पाठ असतं. तोही काही बोलला नाही. आम्हाला वाटलं, किती समजूतदार!

दिवाळीनंतर एकदा त्याच्या खेळाच्या सरांचा फोन आला. "ताई, तुमचा मुलगा रोज साडेपाचला मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा असतो. आत बोलावलं की 'क्लास आहे' म्हणतो आणि निघून जातो. जरा लक्ष द्याल का?"

मी चरकलेच. त्याचं जेवण कमी झालं होतं, रात्री उशिरापर्यंत खोलीत दिवा असायचा. आणि मी आपली खूश, की अभ्यास करतोय!

दुसऱ्या दिवशी सर स्वतःच कुंपणाबाहेर जाऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. बराच वेळ गप्प. मग एवढंच विचारलं, "झोप लागते का रे?"

त्यावर तो बोलला. झोप येत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, कधी वाटतं आपण नसलेलंच बरं. घरी सांगू नका, असंही म्हणाला. सरांनी त्याला स्पष्ट सांगितलं, "हे मी लपवणार नाही. पण तुझ्याबरोबर येईन." त्याच संध्याकाळी ते त्याला घेऊन घरी आले. पुढे शाळेच्या समुपदेशक बाई आणि डॉक्टर, दोघांची मदत घेतली.

सर नंतर म्हणाले, "खो मिळाला की हा पटकन उठायचा. मे महिन्यात उशीर करायला लागला. तेव्हाच विचारायला हवं होतं." घरात राहून मला जे दिसलं नाही, ते त्यांना मैदानावर दिसलं होतं. आणि आम्ही नेमकं तेच मैदान बंद केलं!

खेळ म्हणजे रामबाण औषध नव्हे. २००८ चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकल्यानंतर आपल्याला नैराश्य आलं होतं, हे अभिनव बिंद्राने स्वतः सांगितलंय. पण मुलाला रोज पाहणारा एक मोठा माणूस तिथे असतो, हे काही कमी नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायलाही सांगितलं. त्यात खेळाच्या सरांना कुणी विसरू नये. आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा मोफत नंबर आहे, तो घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

मुलगा आठवड्यातून तीन दिवस परत खेळायला जाऊ लागला. हळूहळू सावरला. निकाल लागला तेव्हा टक्के सगळ्यांनी विचारले. झोप लागते का, हे विचारलं फक्त सरांनी.

असो. आता मीही विचारते.