नावडत्यांची कैफियत

फाशांच्या दानावर आपल्या पात्राचे दैव सोपवून तासन्‌तास काल्पनिक राज्यांत वावरणाऱ्या खेळाडूंत काही वंशांविषयीचा तिटकारा इतका रुळलेला आहे की, नवा खेळाडू नियम शिकण्याआधी तो तिटकाराच शिकतो. आणि या नावडत्यांच्या यादीत केंडर या वंशाचे नाव बहुधा सर्वांच्या आधी उच्चारले जाते. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ ही कादंबरी 1984 साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातील टॅसलहॉफ बरफूट या ठेंगण्या, शेंडी बांधलेल्या, अंगभर झोळ्या अडकवलेल्या केंडर प्रवाशाने वाचकांना मोहून टाकले. केंडराला भय ठाऊक नाही. आणि ‘हे माझे, ते तुझे’ हा भेदही त्याच्या बुद्धीला शिवत नाही, म्हणून कोणाची अंगठी त्याच्या झोळीत सापडली तर ती तेथे कशी आली याचे त्याला इतरांइतकेच आश्चर्य वाटते. चोरांचा म्हणून एक अख्खा वंश असावा ही कल्पना हिकमन यांना रुचत नव्हती. तेव्हा त्यांनी चोरीतला हेतूच काढून घेतला आणि त्याच्या जागी बालकाचे कुतूहल ठेवले. माझ्या मते ही योजना सद्‌भावनेची होती, आणि कादंबरीपुरती ती संपूर्ण सफलही झाली.

मग तोच टॅसलहॉफ पुस्तकातून उठून मेजावर आला की असह्य का होतो? कादंबरीत त्याच्या प्रत्येक उचलेगिरीचा हिशेब लेखकांच्या हाती असतो: कुठली वस्तू केव्हा नाहीशी व्हावी, ती नेमकी कुठल्या संकटात पुन्हा प्रकट व्हावी आणि त्याचा वृद्ध सोबती फ्लिंट याने संतापावे तरी त्या संतापाखालचा जिव्हाळा वाचकाला कसा दिसावा, हे सारे आधीच ठरलेले असते, आणि लुटला जाणारा प्रत्येकजण कागदावरचाच असतो. मेजाभोवती मात्र चार-पाच जिवंत माणसे बसलेली असतात; प्रत्येकाजवळ एकच पात्र, आणि त्या पात्राजवळ कित्येक संध्याकाळी वेचून मिळवलेली एखादी तलवार. ती तलवार सोबत्यानेच लांबवली, आणि जाब विचारताच ‘मी काय करणार, माझे पात्रच तसे आहे’ असे उत्तर दिले, तर खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरपुढे फिर्याद नेण्याचीही सोय उरत नाही. कारण आरोपीजवळ नियमपुस्तकाचा परवाना असतो. तिटकारा केंडराचा नसून या परवान्याचा आहे, असे मला दीर्घ अनुभवाने वाटू लागले आहे. सोबत्यांची एकही चीज न घेता शत्रूच्या खिशातली किल्ली, पहारेकऱ्याची शिट्टी, राजदूताचे अर्धवट लिहिलेले पत्र अशा वस्तू निष्पाप चेहऱ्याने गोळा करणारी एक केंडर आमच्या मंडळीत होती; आणि तिच्या झोळीतून आज काय निघते याची वाट तिला सर्वांत अधिक विरोध करणारा गृहस्थच पाहत असे.

अर्धा मानव आणि अर्धा ऑर्क अशा हाफ-ऑर्कची कैफियत याहून निराळी आहे, आणि मला ती अधिक अस्वस्थ करते. गॅरी गायगॅक्स यांनी लिहिलेले या खेळाचे नियमपुस्तक ‘प्लेअर्स हँडबुक’ 1978 साली निघाले, तेव्हा त्यात कोणत्या वंशाचे कोणाशी कसे जमते याचा एक तक्ताच छापलेला होता: सलोख्यापासून उघड द्वेषापर्यंतच्या पायऱ्या अक्षरांनी दर्शविलेल्या, आणि बुटके ड्वॉर्फ व नोम यांच्या ओळीत हाफ-ऑर्कच्या रकान्यात द्वेष नोंदलेला. इतर लोकांशी वागताना त्याच्या व्यक्तिप्रभावाला 12 ची कमाल मर्यादा. धर्मोपदेशक झाला तर चौथ्या पायरीवर थांबायचे, योद्धा झाला तर दहाव्या. केवळ मारेकऱ्याच्या धंद्यात मात्र त्याला शेवटापर्यंत मुभा. त्यातही खेळाडूचे पात्र मानव म्हणून खपून जाणाऱ्या वरच्या दशांशातलेच आहे असे पुस्तक गृहीत धरते. म्हणजे उरलेल्या नऊ दशांशांना मेजावर प्रवेशच नाही. फासा एकदाही पडलेला नसताना, कोणी कोणाचे काही बिघडवलेले नसताना, दफ्तरात निकाल लिहून ठेवला गेला होता. केंडराविषयीचा राग प्रसंगातून उपजतो आणि प्रसंगानेच शमतो. हाफ-ऑर्कविषयीचा राग वारसाहक्काने येतो, त्यामुळे त्याच्याशी समेट करायचा तर कोणी आणि कोणाशी, हेच कळत नाही.

‘जन्मजात चोर’ किंवा ‘जन्मजात मारेकरी’ ही पदे मराठी माणसाने केवळ खेळातली म्हणून वाचावीत हे मला अशक्य वाटते. गुन्हेगार जमातींचा कायदा ब्रिटिश सरकारने 1871 साली केला, तो पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि ज्यांनी काडीचीही चोरी केलेली नव्हती अशा माणसांना केवळ कुळामुळे हजेरीला उभे राहावे लागले. 1952 साली तो देशभरातून रद्द झाल्यावरही शिक्का पुसला गेला नाही, हे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन वाचणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. खऱ्या माणसांचे भोग आणि मनोरंजनाचे नियम एका तराजूत घालणे अप्रशस्त होय, हे मी जाणतो. तरीही रक्तात स्वभाव लिहून ठेवणारी लेखणी दोन्हीकडे एकाच वळणाने चालते, आणि ते वळण ओळखू येणाऱ्याला खेळतानाही ते दिसणारच.

ग्रंथकर्त्यांनी या तक्रारींचा निवाडा बहुधा हद्दपारीने केला आहे. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीच्या हँडबुकातून हाफ-ऑर्क आणि मारेकरी दोघेही वगळले गेले. 2000 साली हाफ-ऑर्क परतला तो बुद्धी आणि प्रभाव या दोन्ही गुणांत दोन-दोन अंकांची वजावट घेऊनच. 2008 साली नोमही पहिल्या पुस्तकातून बेदखल झाला आणि वर्षभराने दुसऱ्यात रुजू झाला. केंडराच्या बाबतीत मात्र त्या कादंबरीच्याच जगाविषयीच्या 2022 सालच्या ड्रॅगनलान्स ग्रंथात मला शहाणपण दिसते: निर्भयता ठेवली, शत्रूला चिडवण्याची कला ठेवली, आणि सोबत्यांची वस्तू उचलण्याचे बंधन कोणत्याही नियमात घातले नाही.

2024 च्या हँडबुकात ऑर्क सन्मानाने दाखल झाला आहे, जन्माने मिळणारी वजावट नाहीशी झाली आहे, आणि हे सर्व न्याय्यच झाले. पण त्याच पुस्तकात हाफ-ऑर्कचे स्वतंत्र नाव उरलेले नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. दोन्ही गावांनी परका मानलेला, आणि तरीही दोन्ही गावांची भाषा जाणणारा तो माणूस फार मोलाचा होता. त्याच्यावर लादलेला द्वेष काढून टाकायचा तर त्याच्यासह काढण्याचे कारण नव्हते. म्हणून माझ्या मेजावर जुन्या पुस्तकातला हाफ-ऑर्क घेण्याची मुभा मी आजही देतो, जुन्या वजावटी मात्र मुळीच नाहीत. आणि पात्र मांडणाऱ्याला पहिल्याच दिवशी एवढेच विचारतो की, दोहोंपैकी कोणत्या गावात त्याला अजून कोणी नावाने हाक मारते.